तिसऱ्या गिनीचा आवाज

माझा साखरपुडा देवासला झाला, आमच्या आळीतल्या देवळाच्या सभामंडपात. दिवेलागणीची वेळ होती. मी पाटावर मान खाली घालून नव्या लुगड्याच्या काठाकडे बघत बसले होते. सासरची माणसं धारहून तीन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आली होती. माझे होणारे सासरे, मामंजी, धार दरबारात कारकून होते. मोठा हौशी माणूस. माझ्या ओटीत घालायला त्यांनी लाल मखमलीच्या बटव्यात पाच गिन्या आणल्या होत्या.

"व्याहीबुवा," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अख्खं देवास ज्यांच्याकडून रुपया वाजवून घेतं, त्यांच्या लेकीला आम्ही न वाजवता सोनं कसं द्यावं? वाजवा तुम्ही. आमची हौस म्हणून वाजवा."

लोक हसले. बाबाही हसले. नको नको म्हणाले, पण मामंजींनी बटवा त्यांच्या हातात कोंबलाच.

माझे बाबा पारखी होते. देवासच्या एका सराफी पेढीवर त्यांची बैठक होती. पेढीत येणारं प्रत्येक नाणं आधी त्यांच्या हाताखालून जायचं आणि मगच थैलीत पडायचं. त्यांनी 'ठीक' म्हटलेली थैली इंदूर-उज्जैनपर्यंत कुणी पुन्हा उघडून बघत नसे.

बाबांनी एकेक गिनी काढून खांबाच्या दगडी उथळ्यावर टाकली. पहिली वाजली. दुसरी वाजली. तिसरी पडली आणि माझ्या मानेवर सरसरून काटा आला.

आवाज झाला, पण तो उठलाच नाही. खऱ्या गिनीचा नाद दगडावरून वर उठतो, थोडा ताणला जातो आणि मग विरतो. ही नुसती टक् करून बसली. चौथी वाजली, पाचवीही वाजली. मी न राहवून बाबांकडे पाहिलं. नवरीनं असं टक लावून बघू नये म्हणून आईनं मागून मला चिमटा काढला. बाबांनी पाचही गिन्या समईपाशी नेल्या आणि एकेकीवरून अंगठा फिरवला. एकीवर त्यांचा अंगठा जरा थांबला. मग ते म्हणाले, "पाचही ठीक."

सगळ्यांनी मान डोलावली. गिन्या माझ्या ओटीत पडल्या. तांदूळ, खोबरं, हळकुंड आणि त्या पाच गिन्या. पुढचे विधी कसे झाले ते मला आठवत नाही. मी सारखी ओटीकडे बघत होते.

मला एवढं कसं कळलं, ते सांगायला हवं. अमावास्येला पेढी बंद असे. त्या दिवशी बाबा घरी ओसरीवर बसून माझ्यापुढे नाणी मांडत. भाऊ माझ्याहून मोठा, पण त्याला त्यात गोडी नव्हती. मला होती. बाबा म्हणत, "आधी तोंड बघ." कंपनीच्या जुन्या रुपयावर आधी एका राजाचं उघडं डोकं, मग तरुण राणीचं, केस मागे बांधलेलं, मुकुट नसलेलं. पुढच्या रुपयांवर तिच्या डोक्यावर मुकुट आला. गिन्यांवर तर ती डोळ्यांदेखत म्हातारी झाली होती. एकीवर कोवळा चेहरा, एकीवर डोक्याच्या मानाने अगदीच चिमुकला मुकुट, शेवटच्या गिनीवर डोक्यावरून पदर घेतल्यासारखी ओढणी. माझ्या लग्नाच्या सुमारास राणी जाऊन नव्या राजाचं दाढीवालं तोंड आलं होतं. "राणीचं वय बघ आणि साल बघ," बाबा म्हणत. "दोघांची ओळख पटली पाहिजे. खोटं पाडणारा एका नाण्याचं तोंड घेतो, दुसऱ्याचं साल घेतो, आणि तिथेच सापडतो."

मग कडेचे दाते. खरे दाते टाकसाळीत एका दाबात उठतात, सारखे असतात. मातीच्या साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला शिवण राहते, ती कानशीने घासली की दाते मध्येच बोथट होतात. मग अंग. ओतलेल्या नाण्याच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि बोटाला ते साबणासारखं लागतं. आणि सगळ्यात शेवटी आवाज. "डोळा फसतो, बोट फसतं," ते म्हणत, "कान नाही फसत."

नाण्यांची किंमतही ते असेच सांगत. एकदा एक विधवा बाई सोन्याची जुनी मोहोर वितळवायला घेऊन आली होती. तिच्या एका अंगाला राजा, दुसऱ्या अंगाला सिंह आणि ताडाचं झाड. पेढीवरचे दुसरे लोक वजनाचा भाव सांगत होते. बाबांनी तिला ती परत दिली आणि म्हणाले, "बाई, हिच्यात सोनं आहे त्याहून जास्त किंमत हिच्या ठशाची आहे. इंदूरच्या छावणीतले साहेब लोक अशी शोधत असतात. वितळवू नका." बाईनं तिथेच त्यांना वाकून नमस्कार केला होता.

असा माणूस भर मंडपात खोटं नाणं ठीक म्हणाला होता. मला दोनच कारणं सुचत होती आणि दोन्ही वाईट. एक, त्यांना कळलंच नाही. दुसरं, त्यांना कळलं, पण ठरलेलं लग्न मोडू नये म्हणून ते गप्प बसले. रात्रंदिवस मी या दोन कारणांच्या मधे हेलकावे खात होते. विचारायचं म्हटलं तर विचारणार कसं? आपल्या बापाला 'तुम्ही खोटं बोललात का' असं विचारायची जीभ मला नव्हती. लग्न झालं, मी धारला गेले.

धारचं घर चांगलं होतं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. कमी बोलणाऱ्या, कामाला वाघीण. हे सकाळी दरबारच्या शाळेत शिकवायला जात. घरात एक धाकटी नणंद होती, वन्सं, तिच्याशी माझी पहिल्याच महिन्यात गट्टी जमली. भांडी घासायला एक माळवी बाई यायची, तिची लहान मुलगी पाठीशी बांधलेली असे. गिन्यांचा बटवा आत्याबाईंनी देवघरातल्या चांदीच्या डबीत ठेवला. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्या पाचही गिन्या ताम्हणात मांडल्या जायच्या आणि मी हळदकुंकू वाहताना तिसरीकडे बघायचं टाळायची. ती कोवळ्या चेहऱ्याची होती, उथळ्यावर तोंड वर करून पडली तेव्हाच मी ते पाहिलं होतं. एकदा बघितलं की नजर तिथेच चिकटून राहायची.

अशी तीन वर्षं गेली.

मग वन्संचं लग्न ठरलं. मुलाकडचे लोक महूचे, व्यवहारी. आत्याबाई एका दुपारी मला म्हणाल्या, "तुझ्या गिन्यांना कड्या लावून तुझ्या वन्संच्या गळ्यातलं करावं म्हणते. तुला मागाहून नवं करू. तुझी ना तर नाही ना?"

"नाही, आत्याबाई."

"वैशाखात सोनार घरी बसवू. मुलाकडचे म्हणताहेत, त्यांचाही सोनार बघून जाईल. बघू दे बापडा. आपल्याकडे काय लपवायचंय?"

माझ्या हातातलं सूप निसटलं. सगळी डाळ जमिनीवर.

त्यातच कुक्षीकडे कुणाच्या तरी घरात नाण्यांचे साचे सापडल्याची बातमी गावात आली. ज्यांच्याकडे खोटे रुपये मिळाले त्यांनाही धरून नेलं म्हणे, मग ते रुपये त्यांनी पाडले असोत की नसोत. मामंजी जेवताना हे सगळं रंगवून सांगत होते. मी वाढत होते. आमच्या घरात, देवाच्या पायाशी, तसलंच एक नाणं होतं. सोनार ते ओळखणार, आणि लोक विचारणार की हे ठीक म्हणालं कोण? चाळीस माणसांनी ऐकलं होतं कोण म्हणालं ते.

पण मला तरी खात्री कुठे होती? तीन वर्षांपूर्वी ऐकलेल्या एका टक् वर मी एवढा डोलारा रचला होता. आत्याबाई वन्संना घेऊन कालिकामातेच्या दर्शनाला गेल्या तेव्हा मी देवघराचं दार लोटलं. बांबूची एक सपाट काडी घेतली, मधोमध दोरा बांधला, दोन्ही टोकांना कागदाच्या पुड्या टांगल्या. एका पुडीत तिसरी गिनी, दुसरीत पदरवाल्या राणीची. काडी आडवीच राहिली. वजन बरोबर! मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच भिंतीला टेकले.

मग आठवलं. बाबा म्हणाले होते, सोन्याइतका जड धातू खोटं पाडणाऱ्याला स्वस्तात मिळत नाही. म्हणून वजन बरोबर ठेवायचं तर नाणं जाड करावं लागतं. मी दोन्ही गिन्या शेजारी शेजारी फरशीवर ठेवल्या आणि वरून नख सरकवलं. नख पदरवालीवरून गेलं आणि तिसरीच्या कडेला अडलं. गिनीच्या मागच्या अंगाला घोडेस्वार असतो, त्याचा चेहरा वितळल्यासारखा होता. खिडकीपाशी नेऊन पाहिलं तर घोड्याच्या पोटाखाली बारीक खड्डे. वाजवून बघायचं धैर्य झालं नाही. गरजही नव्हती.

बाहेर आत्याबाईंचा आवाज आला तशी मी चारच गिन्या बटव्यात घातल्या. तिसरी माझ्या मुठीत राहिली. ठरवून घेतली असं म्हणता येणार नाही. परत ठेवायला हातच गेला नाही.

चैत्रातलं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. भाऊ मला माहेरी न्यायला आला. गिनी मी कुंकवाच्या करंड्यात, कुंकवाच्या तळाशी पुरली.

तीन दिवसांच्या त्या वाटेवर मी एकदाही पाय पसरून झोपले नाही. पहिला मुक्काम बेटम्याच्या धर्मशाळेत, दुसरा इंदुरात. हद्दीच्या प्रत्येक नाक्यावर माणसं गाडी थांबवून सामान बघत. एका नाक्यावरच्या कारकुनानं माझं गाठोडं सोडलं, लुगडी उलटीपालटी केली आणि करंडा उचलला.

"इसमें क्या है, बाई?"

"कुंकू."

त्यानं झाकण उघडलं. भाऊ गाडीवरून ओरडला, "अरे भिया, बहनजी का कुंकू है, उसमें काय बघतोस?" कारकुनानं बोटाला लागलेलं कुंकू झटकलं आणि करंडा परत दिला. भाऊ पुढे कितीतरी वेळ त्या कारकुनाची नक्कल करून हसत होता. मला रडू येत होतं आणि कारण सांगता येत नव्हतं.

देवासला पोचले तर बाबा तसेच होते. थोडे वाळलेले. माझ्याशी नेहमीसारखे बोलले, जावयाची चौकशी केली, वन्संच्या लग्नाचं विचारलं. मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघत. पूर्वी असं बघत नसत.

दुसऱ्या दिवशी आई आत कैरी किसत होती आणि बाबा ओसरीवर पाठमोरे बसून चष्म्याच्या काचा पुसत होते. मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभी राहिले आणि आईच्या पेटीतला एक चांगला रुपया पायरीच्या दगडावर टाकला. तो खणकन वाजला.

"काय गं वाजतंय?" आतून आईनं विचारलं.

बाबांनी मान वळवली नाही.

मी करंड्यातली गिनी टाकली. टक्. त्यांनी मान वळवली नाही. ते काच पुसत राहिले, उजेडात धरून बघत राहिले. मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि कुंकवानं माखलेली गिनी त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उपरण्याच्या टोकानं तिच्यावरचं कुंकू पुसलं.

"केव्हापासून, बाबा?"

"तुझ्या लग्नाच्या आधी वर्षभर," ते म्हणाले. "माणसाचं बोलणं येतं. ढोल येतो. बारीक नाद येत नाही. कानात सारखे रातकिडे ओरडत असतात, त्यांच्याखाली बुडून जातो. वाटलं होतं, जाईल बरं होऊन."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी लोक बघत होते म्हणून वाजवल्या. ऐकू काहीच आलं नाही. पाचही सारख्याच." त्यांनी अंगठा गिनीवरून फिरवला, अगदी त्या दिवशीसारखा. "अंगठ्याला शंका आली होती, बाळ. खोटं नाही बोलत. पण समईचा उजेड, तो मंडप, तू पाटावर बसलेली. मी कानाला विचारलं, कान गप्प राहिला, आणि मी त्यालाच होकार धरून बसलो."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तीन वर्षं जी दोन कारणं मी आलटून पालटून चघळत होते, ती दोन्ही अर्धी अर्धी खरी निघाली होती.

"आणि पेढीवर?" मी हळूच विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. त्यावरून मला कळलं की या माणसाला माझ्याहून मोठी भीती आहे. तो रोज सकाळी पगडी घालून पेढीवर जातो, लोकांसमोर नाणी वाजवतो, डोळ्यांनी आणि अंगठ्यानं जमेल तेवढं ओळखतो आणि संध्याकाळी घरी येऊन विचार करत बसतो की आज किती निसटली असतील. आईलासुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री आईला सगळं सांगावंच लागलं. आईनं कपाळाला हात लावला नाही की रडली नाही. उठली, पेटी उघडली आणि तिच्या माहेरची एकुलती एक गिनी काढून बाबांपुढे ठेवली. तिच्यावर तसाच कोवळा चेहरा होता. "ही डबीत ठेवा," ती म्हणाली, "आणि ती वाटेत पाण्यात टाका. कुणाला कळायला नको."

तसं ठरलं. मला पोचवायच्या निमित्तानं बाबा स्वतः धारला यायला निघाले. मी मनात घोकत होते: आत्याबाई तलावावर गेल्या की डबी उघडायची, गिनी टाकायची, डबी लावायची. चोरी करताना माणसाला भीती वाटते हे ऐकलं होतं. चांगलं सोनं परत ठेवायला जातानाही तेवढीच वाटते हे मला तेव्हा कळलं.

घराच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा भांडी घासणारी बाई पायरीखाली धुळीत बसलेली दिसली. मुलगी मांडीवर. रडून रडून बाईचे डोळे सुजले होते. दारात शेजारच्या दोन बायका उभ्या होत्या. मामंजी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते.

"व्याहीबुवा, बरं झालं आलात," ते म्हणाले. "घरात चोरी झाली. एक गिनी गेली. सोनाराला दाखवायला डबी काढली तर चारच! या बाईशिवाय घरात बाहेरचं कोण येतं? संध्याकाळपर्यंत बोलली नाही तर चौकीवर कळवणार आहे."

"म्हने नी लियो, बई," बाई माझ्याकडे बघून म्हणाली. "म्हारी छोरी की सौगन, म्हने नी लियो."

बाबांच्या कनवटीला खरी गिनी होती; खोटीही तिथेच होती, वाटेत टाकायला त्यांचा हात धजला नव्हता. खरी कुठे तरी देवघरात पडलेली सापडली असं करता आलं असतं. पाटाखाली, समईमागे. मी बाबांकडे पाहिलं. माझ्या डोक्यात हाच विचार आला होता, आणि मला वाटतं त्यांच्याही आला असावा, कारण त्यांचा हात कनवटीवर गेला आणि तिथे थांबला.

"चोरी झालेली नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "गिनी मी नेली. बाईनं नाही."

येरझाऱ्या थांबल्या. आत्याबाई आतून उंबऱ्यापर्यंत आल्या.

बाबा पुढे झाले. त्यांनी पगडी काढून बाजूला ठेवली, ओसरीवर दोन्ही गिन्या शेजारी शेजारी मांडल्या आणि मामंजींसमोर हात जोडले. "ही तुमची. ही माझी. तुमची खोटी आहे. लेकीनं साखरपुड्यालाच ओळखली होती. मी नाही ओळखली. मला नाद ऐकू येत नाही, व्याहीबुवा, चार वर्षं झाली. भर मंडपात मी ठीक म्हणालो, तो माझा दोष. लेकीचा नाही, आणि त्या बाईचा तर नाहीच नाही."

"खोटी?" मामंजी म्हणाले. "माझ्या घरातून खोटी गिनी गेली? अहो, चार माझ्या वडिलांच्या हातच्या आणि पाचवी..." ते थांबले आणि आत्याबाईंकडे वळले. "पाचवी तुझ्याकडची ना?"

आत्याबाई उंबऱ्यावरच बसल्या. मी त्यांना असं मधेच बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्याकडची," त्या म्हणाल्या. मग अगदी सावकाश सांगू लागल्या. मामंजींची बदली कुक्षीजवळच्या डहीला होती तेव्हा दारावर एक फिरता माणूस आला होता. चार गिन्या घरात होत्या, पाच झाल्या की सूनमुखाला शोभतील असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी आपले चांदीचे वाळे आणि तोडे देऊन ती गिनी घेतली. वर्षभरानं एका सोनारानं नुसती बघून मान हलवली. त्यांनी त्याला हातापाया पडून गप्प केलं. घरात सांगितलं नाही. "साखरपुड्याला तुम्ही वाजवा म्हणालात," त्या मामंजींना म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं, धरणी दुभंगावी. आता सगळ्यांसमोर निघणार. आणि हे म्हणाले, पाचही ठीक." त्या बाबांकडे वळल्या. "एवढा मोठा पारखी ठीक म्हणाला. मला वाटलं, सोनारच चुकला असेल. तीन वर्षं मी निर्धास्त झोपले, व्याहीबुवा. तुमच्या शब्दावर."

बाबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं, त्यांना त्या वाक्यानं सगळ्यात जास्त लागलं.

मामंजी ओरडतील असं मला वाटलं होतं. ते आत गेले आणि छिन्नी-हातोडी घेऊन आले. गिनी पायरीच्या दगडावर ठेवून त्यांनी दोन घाव घातले. तिचे दोन तुकडे झाले. वर पिवळा पातळ थर, आत राखेच्या रंगाचा धातू. त्यांनी तुकडे उचलून बघितले, बाबांना दाखवले आणि गावच्या मुंज तलावात टाकायला गाडीवानाकडे दिले. "झालं," ते म्हणाले. "तुमची गिनी उचला, व्याहीबुवा. पोरीच्या गळ्यात चार पुरे." बाबांनी ती उचलली नाही. अखेर ती माझ्या हातात आली आणि पुढे परत आईकडे गेली. वन्संच्या सासरच्या सोनारानं चारही गिन्या तपासल्या आणि काही एक बोलला नाही. लग्न नीट पार पडलं.

बाबा देवासला परतले ते थेट पेढीच्या मालकाकडे गेले. हे मला भावानं नंतर सांगितलं. त्यांनी सगळं कबूल केलं आणि आपण पारखलेल्या सीलबंद थैल्या दुसऱ्या पारख्याकडून उघडून बघायला लावल्या. आठ दिवस ते काम चाललं. बाबा रोज तिथे जाऊन बाजूला बसत आणि दुसऱ्याच्या हातातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्याकडे बघत. त्याचा आवाज त्यांना येत नव्हता, म्हणून ते त्या पारख्याच्या चेहऱ्याकडे बघत. अकरा रुपये खोटे निघाले. मालक म्हणाला, एवढ्या वर्षांत अकराच? त्यानं त्यांना काढलं नाही. नाण्यांची बैठक सोडवून कसोटीच्या दगडावर सोन्याचा कस बघायला बसवलं, कारण तिथे कानाचं काम नव्हतं. बाबांनी ते काम दोन वर्षं केलं. भाऊ म्हणायचा, आता रात्री त्यांना झोप लागते. त्यांच्या घोरण्यानं आईला लागत नाही.

भांडी घासणारी बाई मात्र त्या दिवसानंतर आली नाही. आत्याबाई स्वतः तिच्या झोपडीवर गेल्या. आमच्यात त्या काळी घरच्या मालकिणीनं असं जाणं ही लहान गोष्ट नव्हती. खण, नारळ आणि मुलीला झबलं घेऊन गेल्या. बाईनं ते घेतलं, हात जोडले, पण कामाला यायला नाही म्हणाली. दुसऱ्या गल्लीत तिनं दोन घरं धरली. मी मात्र गेले नाही. खरं तर गिनी मी नेली होती. जायला हवं होतं मीच.

पुढे तलावावर कधी ती भेटायची. मी बोलायचा प्रयत्न केला की ती घागर डोक्यावर घेऊन वाट बदलायची. असं दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी मी माझ्या पहिल्या मुलाला कडेवर घेऊन घाटावर उभी होते. ती जवळ आली. माझ्याशी बोलली नाही. मुलाच्या गालाला ओला हात लावून म्हणाली, "दात अई ग्या कई?"

"दोन आलेत," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली आणि धुणं उचलून निघून गेली.